कॅप्टन कुणाला करायचं?

अप्रेझलचा सीझन आला की सगळ्या ऑफिसचं लक्ष एका लिस्टकडे लागतं. त्या लिस्टमध्ये नाव येतं कुणाचं आणि राहतं कुणाचं? बिबवेवाडीतल्या एका हॉटेलच्या टेबलांपासून एसी मीटिंग रूमपर्यंतची ही गोष्ट.

मार्च सरत आला की सकाळी सकाळी बिबवेवाडीच्या कोपऱ्याकोपऱ्यावर कॅबची वाट बघत उभ्या असलेल्या पब्लिकचे चेहरे जरा न्याहाळा. गळ्यात आयकार्ड, पाठीला सॅक, कानात हेडफोन आणि डोक्यात एकच किडा... यंदा आपलं होणार का? कॅब हिंजवडीची असो नाहीतर मगरपट्ट्याची, टॉपिक सेम. कुणाला किती टक्के हाइक, कुणाच्या रेटिंगला 'एक्सीड्स' आणि कुणाच्या नशिबी नुसतंच 'मीट्स', कोण बॉसच्या गुड बुक्समध्ये आणि कोण उगाच स्वप्नं बघतोय! पहिला मोठा सिग्नल लागेपर्यंत निम्म्या कंपनीची प्रमोशन्स कॅबमध्येच ठरलेली असतात.

मी या लिस्टच्या दोन्ही बाजूंना बसलोय. नाव येईल म्हणून वाट बघण्यात काही वर्षं गेली आणि आता नावं ठरवणाऱ्या पॅनेलवर काही वर्षं झाली. पण 'वर कुणाला घ्यायचं?' या एका प्रश्नावरून चांगली चांगली माणसं कशी अस्वस्थ होतात, हे मी पहिल्यांदा पाहिलं ते कुठल्याही कंपनीत नाही. ते पाहिलं बिबवेवाडीतल्या एका प्युअर व्हेज हॉटेलात, हातात पाण्याचा जग आणि खांद्यावर फडका असताना.

पाणी आणि फडका

२००४ साली मी बार्शीहून बी.कॉम. करायला पुण्यात आलो. बिबवेवाडीत कॉट बेसिसवर जागा मिळाली, एका खोलीत चौघं. घरून येणारे पैसे खोलीभाड्यात आणि मेसमध्येच संपायचे. खोलीतला एक जण म्हणाला, "संध्याकाळी हॉटेलात येतोस का? दोन वेळचं जेवण सुटतं." जेवण सुटतं, हे ऐकूनच मी हो म्हटलं.

ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बिबवेवाडीच्या एका अंगाला मार्केट यार्ड आणि गंगाधाम, दुसऱ्या अंगाला सातारा रोड, आणि वर चढावर अप्पर-लोअर इंदिरानगर. अप्परलाच १९८३पासून विश्वकर्माचं इंजिनिअरिंग कॉलेज. त्यामुळे आमच्या हॉटेलात तीन दुनिया एका छताखाली जेवायच्या. यार्डातल्या व्यापाऱ्यांची दहा-बारा जणांची फॅमिली. कॉलेजची पोरं, चौघांत दोन डोसे आणि वर चार रिकाम्या प्लेटा मागणारी. आणि महिन्याच्या सात-आठ तारखेला पगार झाला की अप्परवरून पोराबाळांना घेऊन येणारी मंडळी, जी मेन्यूकार्डाची उजवी बाजू आधी वाचायची.

पहिले पंधरा दिवस मला ऑर्डर घ्यायची परवानगीच नव्हती. फक्त पाणी आणि फडका. हॉटेलच्या उतरंडीत सगळ्यात खाली मोरीवर भांडी घासणारा, मग पाणी-फडक्याचा पोऱ्या, मग वेटर, मग कॅप्टन आणि गल्ल्यावर मालक, म्हणजे अण्णा. आतल्या भट्टीचं राज्य वेगळं. तिथे वस्तादाचा शब्द शेवटचा, अण्णासुद्धा आत जाताना आवाज खाली करायचे.

मला नावाने कुणी हाक मारलीच नाही. "ए बार्शी, सहावर पाणी!" एवढीच माझी ओळख. हॉटेलात गावावरून नाव पडतं, हे तेव्हा कळलं. टेबलांनाही इज्जत असते, हेही तेव्हाच कळलं. सहा नंबर एसीच्या समोर, फॅमिलीचं, टीप भरपूर. अकरा नंबर हात धुवायच्या बेसिनला चिकटून. तिथे बसणारा गिऱ्हाईक आधीच वैतागलेला, जाताना बडीशेपेच्या बशीत आठ आणे.

आणि हाका! त्यावर एक वेगळा लेख होईल. 'शुक शुक' करणारे, चुटकी वाजवणारे, 'ए', 'बॉस', 'मामा', 'ओ दादा'. गिऱ्हाईक पहिली हाक कशी मारतो यावरून पुढचा तास कसा जाणार हे आम्हाला कळायचं. माझा आजवरचा अनुभव असा, की जो वेटरला 'दादा' म्हणतो तो ऑफिसात ज्युनिअरचाही फोन उचलतो. याला काही शास्त्रीय आधार नाही, पण इंटरव्ह्यूला आलेला उमेदवार चहा आणून देणाऱ्या काकांशी कसा बोलतो हे मी अजूनही डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघतोच.

वेटरच्या डोक्यात नेमकं काय चाललेलं असतं? एका वेळी सहा टेबलं. दोनवर जैन पावभाजी, म्हणजे बटाटा, कांदा, लसूण काही नाही. तीनवर बाळासाठी तिखट न घातलेली खिचडी. पाचवरच्या आजोबांना ताक, पण थंड नको. आणि आठचं बिल कधीचं मागितलंय. बर्लिनमध्ये काही प्रोफेसर मंडळी हॉटेलात बसायची तेव्हा त्यांना म्हणे एक गंमत दिसली. बिल चुकतं होईपर्यंत वेटरला सगळी ऑर्डर पाठ असते, पैसे दिले की साफ विसरतो. ब्लूमा झायगार्निक या बाईंनी त्यावरून प्रयोग केले आणि १९२७ साली निबंध छापला. अर्धवट राहिलेलं काम डोक्यातून जात नाही, असं त्याचं सार. नंतरच्या संशोधकांना दर वेळी तसाच निकाल मिळालेला नाही, पण माझ्यापुरतं सांगतो, आठ नंबरचं बिल मला झोपेतही आठवायचं.

टीप सगळी एका डब्यात. रात्री शटर अर्धं खाली आलं की डबा उघडायचा, मोजायचं आणि वाटायचं. मोरीवाल्यालाही वाटा. एसी हॉटेलांतून बिलातच सर्व्हिस चार्ज लावायची पद्धत पुढे आली आणि त्यावर वादही झाले. तो सक्तीने लावता येणार नाही, अशा गाइडलाइन्स केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२मध्ये काढल्या आणि दिल्ली हायकोर्टाने २८ मार्च २०२५ला त्या योग्य ठरवल्या. चांगलं झालं. पण चार्ज काढायला लावल्यानंतर बशीत काही ठेवायचं की नाही, हे कोर्ट सांगत नाही. ते आपलं आपण बघायचं.

एक्सप्रेस आणि दाजू

२००६ उजाडलं. सातारा रोडवर बीआरटीचं काम चाललेलं, सगळीकडे धूळ. आमच्या कॅप्टनने कात्रजच्या बाजूला स्वतःचा गाडा टाकला आणि तो गेला. आता नवा कॅप्टन कोण?

दोन नावं होती. पहिला आमचा 'एक्सप्रेस'. परभणीकडचा. सहा टेबलांची ऑर्डर कागदाला पेन न लावता घ्यायचा आणि एकही वाटी इकडची तिकडे व्हायची नाही. मराठी, हिंदी, कामापुरती गुजराती. यार्डातले शेठ लोक आत आले की त्यालाच शोधायचे. दिवसाच्या केओटी मोजल्या तर सगळ्यात जास्त त्याच्या. टीपही त्याच्याच टेबलांवर जास्त पडायची. तो मागे असला की हॉटेल पळतंय असं वाटायचं.

दुसरा नेपाळचा. आम्ही सगळे त्याला दाजू म्हणायचो, म्हणजे त्यांच्या भाषेत मोठा भाऊ. मराठी मोडकी. गिऱ्हाइकांपैकी एकालाही त्याचं नाव माहीत नसेल. अकरा नंबर बऱ्याचदा त्याच्याकडे, कारण तो कुरकुर करायचा नाही.

अण्णांनी एक्सप्रेसला कॅप्टन केलं. तुम्ही-आम्हीही तेच केलं असतं, नाही का? सगळ्यात जास्त धंदा करतो, त्याला वर घ्या. लॉजिक सॉलिड आहे!

पुढचे तीन महिने काय झालं ते बघा. एक्सप्रेसने सहा आणि सात नंबर स्वतःकडेच ठेवले. त्याचंही खरं होतं, तिथले गिऱ्हाईक त्यालाच मागायचे. नव्या पोरांना बेसिनकडची टेबलं. कुणी ऑर्डर विसरला की तो शिकवायचा नाही, स्वतःच जाऊन घेऊन यायचा, आणि येता येता चार शब्द सुनवायचा. टीपेच्या डब्यातून मोरीचा वाटा कमी झाला. वस्तादाशी भांडण झालं, मग भट्टीवरून माल मुद्दाम उशिरा यायला लागला. एका रविवारी गर्दीत एका नव्या पोराच्या हातून शेठजींच्या पांढऱ्याशुभ्र कुर्त्यावर सांबार सांडलं. हॉटेल चिडीचूप. एक्सप्रेस चार टेबलं पलीकडे होता. त्याने बघितलं आणि आपली ऑर्डर घेत राहिला. दाजू अकरा नंबर सोडून धावत आला. ओला फडका, माफी, दुसरं सांबार, मुलांसाठी आइस्क्रीम. मोडक्या मराठीत तो शेठजींना म्हणाला, "साहेब, पोरगा नवीन आहे, मला बोला." ते पोरगं मोरीपाशी जाऊन रडत होतं. रात्री त्याची बॅग भरून झाली होती. दाजूने ती परत उघडली.

तरी दसऱ्याच्या आधी दोन पोरं सोडून गेलीच. एक तर पंधरा दिवसांचा पगारही न घेता गेला.

अण्णांचं शिक्षण किती होतं मला माहीत नाही, पण रोज रात्री ते प्रत्येक वेटरच्या केओटी वेगळ्या लावून बेरीज करायचे. एक्सप्रेसची बेरीज अजूनही सगळ्यात मोठी होती. बाकी सगळ्यांची कमी झाली होती. एका रात्री सगळे जेवायला बसलो होतो, वरण-भात आणि उरलेली भाजी. अण्णा गल्ल्यावरून उठून आले आणि एक्सप्रेसच्या शेजारी बसले.

"हे बघ रे, पगार तुझा कॅप्टनचाच राहणार. एक रुपया कमी नाही. पण उद्यापासून तू तुझी टेबलं बघ. पोरं दाजू बघेल."

आम्हाला वाटलं, आता हा ताट ढकलून उठणार. एक्सप्रेसने दोन घास खाल्ले आणि विचारलं, "सहा नंबर माझाच ना, अण्णा?"

तो मनातून सुटला होता. पोरांना सांभाळणं त्याला जमत नव्हतं असं नाही, त्याला ते नकोच होतं. त्याला हवा होता पैसा आणि मान, आणि हॉटेलात तो मिळायचा एकच रस्ता होता. अण्णांनी दुसरा करून दिला.

हा किस्सा मी ऑफिसच्या पार्ट्यांमध्ये खूपदा सांगतो. लोक हसतात आणि म्हणतात, हॉटेलात चालतं रे, कंपनीत ग्रेड असतात!

शेट्टींची शिडी

उडपी हॉटेलवाल्यांना हे शहाणपण कुठून आलं? माझं मत असं, की तिथे वर बसलेला माणूस बहुतेक वेळा खालून आलेला असतो. पुण्यात सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण 'वैशाली'च्या जगन्नाथ शेट्टींचं. २०२३च्या नोव्हेंबरात ते गेले तेव्हा फर्ग्युसन रोडवर वाढलेल्या तीन पिढ्या हळहळल्या. दक्षिण कर्नाटकातल्या गावातून लहान वयात बाहेर पडलेला हा मुलगा नातेवाइकांच्या हॉटेलात पडेल ते काम करत शिकला आणि पुढे वैशाली, रूपाली, आम्रपाली उभी राहिली. मोरीपासून गल्ल्यापर्यंत स्वतः चढलेल्या माणसाला कोण पळतो आणि कोण दुसऱ्याला पळवतो यातला फरक दिसतो.

ऑफिसात हा फरक का दिसत नाही? १९६९ साली लॉरेन्स पीटर आणि रेमंड हल यांनी 'द पीटर प्रिन्सिपल' नावाचं खुसखुशीत पुस्तक लिहिलं. माणूस चांगलं काम करतो म्हणून त्याला वर घेतात, तिथेही चांगलं केलं की आणखी वर, असं करत करत तो अशा खुर्चीत पोचतो जिथलं काम त्याला येत नाही, आणि मग तिथेच बसून राहतो. लोकांनी तो जोक म्हणून वाचला. प्रत्येकाला आपला बॉस आठवला!

पण जोक खरा निघाला तर? ॲलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली शू या तीन अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या १३१ कंपन्यांच्या सेल्समधल्या लोकांचा डेटा घेतला आणि २०१९मध्ये निष्कर्ष छापले. ज्याचा सेल जास्त त्याला मॅनेजर करण्याची शक्यता जास्त, यात नवल नाही. नवल पुढे आहे. तोच माणूस मॅनेजर झाला की त्याच्या हाताखालच्या लोकांचा सेल तुलनेने खाली जातो. आणि ज्यांनी आधी सहकाऱ्यांबरोबर मिळून सौदे केलेले होते, क्रेडिट वाटून घेतलेलं होतं, ते मॅनेजर म्हणून जास्त चांगले निघाले. कंपन्या मात्र या गोष्टीला फारसं वजन देत नव्हत्या.

म्हणजे एक्सप्रेस आणि दाजूच की! फक्त इंग्रजीत आणि आकडेवारीसकट.

आता दुसरी बाजूही ऐका, कारण ती खोटी नाही. टॉपरला प्रमोशन नाही दिलं तर उद्या मान मोडून काम कोण करणार? याच संशोधकांनी हेही म्हटलंय, की कंपन्या कदाचित हे जाणूनबुजून करत असतील. वरची खुर्ची हेच तर खालच्यांना पळवण्याचं आमिष. त्यामुळे 'टॉपरला मॅनेजर करू नका' हा काही फॉर्म्युला होऊ शकत नाही. प्रश्न असा आहे, की टॉपरला द्यायला तुमच्या कपाटात खुर्चीशिवाय दुसरं काही आहे का?

बहुतेक कंपन्यांच्या कपाटात तेव्हा एकच गोष्ट होती, बेल कर्व्ह. जनरल इलेक्ट्रिकच्या जॅक वेल्च यांनी गाजवलेला फंडा : वरचे २० टक्के डोक्यावर घ्या, मधले ७० सांभाळा, खालचे १० बाहेर. पुण्यातल्या आयटी पब्लिकने याचा सॉलिड त्रास भोगलाय. टीममध्ये दहाच्या दहा चांगले असले तरी एकाला खाली टाकावंच लागायचं. मग शेजारच्याला मदत करणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा! मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०१३मध्ये असं रँकिंग बंद केलं, मग इतरांनीही हळूहळू काढता पाय घेतला. नाव गेलं तरी मनातला कर्व्ह लगेच जात नाही, हे पॅनेलवर बसलं की कळतं.

रिझ्युमेत वेटर लिहायचं का?

मधेच हा प्रश्न, कारण तो मला फ्रेशर्स नेहमी विचारतात. घरी मी दीड वर्ष सांगितलंच नव्हतं. 'पार्टटाइम जॉब' एवढंच. आईला कळलं तेव्हा ती फोनवर गप्प झाली आणि मग म्हणाली, "उष्टी काढतोस?" त्या दोन शब्दांचं काय उत्तर द्यायचं?

गंमत बघा. हाच आपला महाराष्ट्र, जिथे कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि 'कमवा आणि शिका' म्हणत हजारो पोरांच्या हातात एकाच वेळी पुस्तक आणि कुदळ दिली. हेच पुणं, जिथे माधुकरी मागून आणि वार लावून शिकलेल्यांच्या गोष्टी आपण अभिमानाने सांगतो. भाचा अमेरिकेत एम.एस. करताना कॅम्पसच्या कॅफेत प्लेटा धुतो, हे तर लग्नाच्या पंगतीत मोठ्याने सांगितलं जातं. तेच पोरगं सातारा रोडवर प्लेटा उचलताना दिसलं असतं तर?

२००७मध्ये मी पहिल्या बीपीओच्या इंटरव्ह्यूला गेलो. फॉर्मवर अनुभवाचा रकाना होता. मी लिहिलं : वेटर, अडीच वर्षं. समोरच्या मॅडमनी विचारलं, चिडलेला कस्टमर कसा हँडल करशील? बाकीचे उमेदवार पाठ केलेली उत्तरं देत होते. मी सांबाराची गोष्ट सांगितली आणि हेही सांगितलं, की ती मी नाही, दाजूने हँडल केली. नोकरी मिळाली. तेव्हा माझं उत्तर आहे : लिहा. पण नुसतं 'वेटर' लिहून थांबू नका. किती टेबलं, कुठली शिफ्ट, गर्दीत काय केलं, ते लिहा.

सहा खुर्च्या, दोन फायली

आता अलीकडचा किस्सा. कंपनीचं नाव सांगत नाही. काम बॅक ऑफिसचं, परदेशातल्या इन्शुरन्स क्लेमच्या फायली तपासायच्या. टीम लीडची एक जागा, पॅनेलवर आम्ही सहा जण, टेबलावर दोन फायली.

पहिला मुलगा. चार क्वार्टर सलग एक नंबर. सगळ्यात जास्त केसेस, सगळ्यात कमी चुका. सुट्टी जवळजवळ नाही. त्याची फाइल उघडली की बाकीच्या फायली बंद कराव्यात असं वाटावं.

दुसरी मुलगी. आमच्या बिबवेवाडीचीच. आकड्यांत तिसरी-चौथी. पण मी पॅनेलच्या आधी एक काम केलं होतं, जे मी दर वर्षी करतो. उमेदवाराचं सेल्फ अप्रेझल शेवटी वाचतो, आधी इतरांची वाचतो. त्यात कुणाचं नाव येतं ते बघतो. 'अमुकने समजावलं', 'तमुकने रात्री थांबून सिस्टीम दाखवली'. त्या वर्षी नऊ जणांनी तिचं नाव लिहिलं होतं. त्यातला एक दुसऱ्याच मजल्यावरचा! पहिल्या मुलाचं नाव एकानेही लिहिलं नव्हतं. वाईट कुणीच लिहिलं नव्हतं, पण नाव नव्हतं.

चर्चा सुरू झाली. आकडे, आकडे, आकडे. मग एक जण हळूच म्हणाला, "तिचं मूल लहान आहे ना? नाइट शिफ्टचं काय? ती घेईल का पोस्ट?" दोन-तीन माना हलल्या. मी विचारलं, "त्याचंही लग्न झालंय. त्याच्याबद्दल हा प्रश्न आला का?" शांतता. आणि, ती घेईल की नाही हे तिला विचारलंय का कुणी? नव्हतं विचारलं. एचआरच्या मॅडम उठून बाहेर गेल्या, फोन लावला, दोन मिनिटांत परत आल्या. ती म्हणाली होती, "घेणार. नाइटचं माझ्या सासूबाईंशी आधीच बोलून झालंय." दोन मिनिटांचं काम होतं!

मतं पडली, चार विरुद्ध दोन. ती टीम लीड झाली.

इथपर्यंत सगळं छान वाटतं. पण तो कप्पा बंद होत नाही, कारण दुसरी फाइलही माणसाचीच असते. त्याला सांगायचं काम माझ्याकडे आलं. मीटिंग रूम नको म्हणून आम्ही कँटीनमध्ये बसलो. त्याने कात्रजच्या पुढे टू बीएचके बुक केला होता, ईएमआय सुरू व्हायचा होता. त्याने चहाला हात लावला नाही.

"सर, मग मी चार क्वार्टर पळालो कशासाठी?"

मी त्याला कारण सांगितलं, गोल गोल न बोलता. नऊ जणांनी तिचं नाव लिहिलं, हे सांगितलं. तो म्हणाला, "पण सर, लोकांना मदत करा असं माझ्या टार्गेटमध्ये कुठे लिहिलंय? मदत केली तर माझा काउंट कमी होतो." आणि त्याचं शंभर टक्के बरोबर होतं. आम्ही त्याला वर्षभर एका गोष्टीसाठी पळवलं आणि वर्षाच्या शेवटी दुसऱ्याच गोष्टीसाठी दुसऱ्याला निवडलं. निवड बरोबर होती. टार्गेटशीट चुकीची होती.

मग मी त्याला एक प्रश्न विचारला, जो खरं तर आधीच कुणीतरी विचारायला हवा होता. तुला टीम सांभाळायची आहे की पगार वाढवून हवाय? तो जरा हसला. "खरं सांगू का सर? दहा जणांच्या सुट्ट्या आणि भांडणं मला नकोत. पण लीड झाल्याशिवाय पुढचा ग्रेडच नाही."

तुमच्यापैकी कितीजण याच जागी आहेत? मनापासून विचार करा. सेल्फ अप्रेझलमध्ये 'हेल्प्ड टीम मेंबर्स' असं एक ओळीचं वाक्य टाकून कुणी तुमच्याकडे बघणार नाही. कुठली बॅच, कुठली रात्र, कुठला क्लायंट, कुणाला काय शिकवलं, ते लिहा. ज्याने तुम्हाला मदत केली त्याचं नाव तुमच्या फॉर्ममध्ये लिहा, त्याला कळणारही नाही, पण पॅनेलला कळेल. आणि मॅनेजर व्हायचं नसेल तर तसं स्पष्ट बोला. त्यात कमीपणा काही नाही. सगळ्यांनीच टीम लीड व्हायचं म्हटलं तर फायली कोण तपासणार?

दुसऱ्या दिवशी मी एचआरकडे गेलो. म्हटलं, याला लीडचा पगार द्या, टीम नको. 'सिनिअर स्पेशालिस्ट' असा एक ग्रेड करा. उत्तर मिळालं, सिस्टीममध्ये असा ग्रेड नाही. मी अण्णांचा किस्सा सांगितला. ते हसले. मेल पाठवली. ती मुंबईला गेली, तिथून बंगळुरूला गेली, जूनमध्ये परत आली, त्यावर तीन प्रश्न होते. उत्तरं दिली. दरम्यान त्याला बारा टक्के हाइक मिळाली, मागितलेल्या निम्मी. ऑगस्टमध्ये त्याने पेपर टाकले. शेवटच्या दिवशी तिने, म्हणजे नव्या लीडने, त्याच्याकडून सगळ्या टीमसाठी दोन तासांचं सेशन करून घेतलं, चुका कमी कशा करायच्या यावर. तो छान बोलला. असा तो कधी बोलेल असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नव्हतं.

ग्रेड पुढच्या एप्रिलला मंजूर झाला. आज त्यात सात जण आहेत. तो तोवर खराडीच्या एका कंपनीत लागला होता, टीम लीड म्हणून.